वाटीचा हात

त्या दुपारी त्या काचेच्या खोलीत आम्ही इतके जण व्हतो. मी, काशीबाई. माझी नात गौरी, वय आठ, तोंडावर हवेचा मास्क. पलीकडच्या खाटेवर देगलूरकडचं पाच महिन्यांचं तान्हं आन त्याची माय नरसव्वा. लहान वयाची एक डॉक्टरीण, तिला सगळे मॅडम म्हणायचे. दारावरचा वाचमन बब्बूभाई. सुनंदा सिस्टर. आन दारात माझा लेक दत्ता, हातात जीपचं चाक खोलायची लोखंडी टॉमी. त्याच्या मागं आमच्या गावातले नऊ-दहा जण, तोंडं रुमालानं बांधलेली. त्यांची नावं मला ठाऊक हायेत. ती त्यांची त्यांनी सांगावीत. मी माझ्या घरातलं तेवढं सांगते.

सांगायचं हाय ते सुनंदा सिस्टरचं. मी दुसरी शिकलेली बाई. आकडे येतात, सही येते. बोलते तसंच लिहून घेतलंय.

आम्ही किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यातले. दत्ता किल्लारी ते लातूर जीप चालवायचा. कोरोनात जीप दारातच उभी राह्यली. दुसरी लाट आली तवा घरात सगळ्यांना उलीसा ताप आला, खोकला आला, काढा पिऊन गेला. कोरोना म्हणायची कुणाची छाती झाली न्हाई. मग महिन्याभरानं गौरीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ आलं. डोळे लाल, व्हट लाल, जीभ तर जास्वंदीच्या फुलासारखी. म्या पाह्यलं आन म्हणलं, आई आली.

गोवर-कांजण्याला आम्ही आजार म्हणत न्हाई, आई आली म्हणतो. मग घरात फोडणी बंद. लेकराला लिंबाच्या पाल्यावर निजवायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, गोळी-सुई करायची न्हाई. आन सगळ्यात मोठी गोष्ट, त्या लेकरावर हात उचलायचा न्हाई. कारण तवा लेकराच्या अंगात आई असती. चापट लेकराला मारली तरी लागती आईला. मला माझ्या सासूनं असं शिकवलं. सून शोभा बाळंत होऊन चार दिस झालते, म्हणून गौरीजवळ मीच. चार दिस म्या तिला लिंबात ठेवलं. पाचव्या दिवशी हातपाय थंड पडले आन पोरगी धापा टाकायला लागली.

लातूरचा डॉक्टर म्हणला, "आज्जी, हे गोवर न्हाई. पोरीला कोरोना होऊन गेला, तुम्हाला कळलं न्हाई. आता तिचं अंगच तिच्यावर उलटलंय. हृदयाला सूज हाय, छाती भरत चाललीय." त्याच्याकडं लेकरांची खाट रिकामी नव्हती. त्यानं आम्हाला गाडीत घालून नांदेडला धाडलं. दवाखान्याचं नाव घेत न्हाई, त्याचं काही कामही न्हाई.

तिथं दारातच सुनंदा सिस्टर पहिल्यांदा दिसली. दिसली म्हणजे काय, पांढरा प्लास्टिकचा पोशाख पायापासून डोक्यापर्यंत, डोळ्यावर चष्मा, पाठीवर पेनानं लिहिलेलं नाव. तिनं दार लाथेनं उघडलं. तिची ती सवयच व्हती. हात सोच्छ ठेवायचे म्हणून दारं सगळी लाथेनं उघडायची, आन इतकी जोरात की कडी हलत राहायची.

गौरीच्या गळ्यात, कमरेला म्या लिंबाचा पाला बांधला व्हता. सिस्टरनं एका झटक्यात तो तोडला आन खाली फेकला. मी तिचा हात धरला. म्हणलं, "बाई, असं करू नको. आई कोपंल."

तिनं माझ्या हातावर चापट हाणली. चांगली कळ आली. "कोपू द्या. मी हाय कोपायला. किती दिस ठिवलं लेकरू लिंबात?"

"चार."

तिनं भिंतीवर मूठ आपटली. एकदा न्हाई, तीनदा. गिलाव्याचा पोपडा पडला. मग माझ्या तोंडाजवळ चष्मा आणून म्हणली, "म्हातारे, चार दिसांत म्या हिला खेळायला लावली असती. आता बस इथं. रडू नको. रडणारी बाई मला चालत न्हाई."

मी रडतच नव्हते. मला तशी सवय न्हाई.

लेकराजवळ एक बाई राहू द्यायचे, म्हणून मला बी तसलाच पोशाख घातला. पहिले पाच दिस गौरीच्या घशात नळी, मशीनच श्वास द्यायची. नळी ओढू ने म्हणून सिस्टरनं तिचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले. मी सोडायला गेले की चापट. सुई लागंना तवा पायात, मांडीत, जिथं शीर भेटंल तिथं टोचायची. लेकरू तडफडायचं आन ही गुडघ्याखाली त्याचा पाय दाबून धरायची. म्या गुरांचं बाळंतपण केलंय, पर असं दाबून धरणं पाह्यलं नव्हतं.

त्या वार्डात सगळ्या खोल्या मिळून नऊ लेकरं व्हती. जी बोलायच्या जोगी व्हती ती तिला मारकी म्हणायची, तोंडावर. एक पोरगी म्हणायची, "मारकी सिस्टर आली गं, मारकी आली." ती उलट म्हणायची, "हाव, मारकी हाय. टोपीमुळं शिंगं दिसत न्हाईत." प्रत्येकाला तिनं नाव ठेवलं व्हतं. टमाटा, गाजर, कोथमीर. गौरी झिपरी. रडलं की हाणीन म्हणायची, जेवलं न्हाई की हाणीन, हसलं की बी हाणीन. एकाही लेकराला हाणल्याचं म्या त्या पंधरवड्यात पाह्यलं न्हाई. मोठ्यांना मात्र सोडलं न्हाई. हवेच्या सिलिंडराची चावी अडकली तर त्याला पान्यानं हाणायची आन शिव्या द्यायची, की सिलिंडर बी घाबरून उघडायचा.

नरसव्वाचं सांगते. तिचं तान्हं कोरोनानं आलं, छाती भात्यावाणी वरखाली. तिचा सासरा गावाकडून अंगारा घेऊन आला. आत सोडीनात म्हणून त्यानं दाराच्या फटीतून पुडी सारली. नरसव्वानं चिमूटभर लेकराच्या जिभेवर ठिवला. ते आधीच धापेनं बेजार, कोरडी राख घशात गेली, लेकरू निळं पडलं. नरसव्वा "अय्यो देवुडा, अय्यो देवुडा" करून राहिली. सिस्टर कुठून आली ठाऊक न्हाई. तिनं लेकरू उचललं, हातावर पालथं धरलं, डोकं खाली, आन पाठीत दणके घातले. पाच. राखेचा लगदा फरशीवर पडला, लेकरू रडलं. मग तिनं नरसव्वाच्या कानाखाली अशी वाजवली की ती खाली बसली.

आन मग काय केलं, तिच्यापाशी फरशीवर बसली. नरसव्वाचे केस सुटले व्हते, त्या पोशाखात तिचे हात मागं जाईनात. सिस्टरनं त्याच हातानं तिचा अंबाडा बांधून दिला. घट्ट बांधला. म्हणली, "सासऱ्याला सांग, पुढल्या बारीला अंगारा घेऊन आला तर त्यालाच चाटवीन."

बब्बूभाई, दारावरचा, पान खाऊन लालभडक तोंडाचा माणूस. तो म्हणला, "अम्मा, इसकू बुरा मत मानो. ये तुमच्याच तरफची हाय. भूकंपात मलब्याखालून काढलेली. मरी समजून बाजूला ठेवलं व्हतं. एका फौजीनं उलटं धरून पीठ पे हाणलं, तवा मिट्टी निकली."

मी तिला इच्यारलं. आमच्या पट्ट्यात तिच्या वयाच्या माणसाला तुझ्या घरात किती राह्यले असं इच्यारत न्हाईत, म्हणून येवढंच इच्यारलं, "खरं हाय का?"

"मी सहा वर्साची, मला काय आठवतंय," ती म्हणली. "तोंडात माती व्हती येवढं आठवतंय. बब्बूला बाता मारायचा पगार हाय."

म्या बी त्या सकाळी दोन माणसं मातीत घातली, पर ते तिला सांगितलं न्हाई. मग ती उठली आन लाथेनं दार उघडून गेली.

सहाव्या दिवशी गौरीची नळी काढली, तोंडावर मास्क लावला. सगळ्यांना बरं वाटलं. पर छाती भरलेली. घट्ट कफ आत बसलेला आन पोरीला खोकायची ताकद न्हाई. मशीनवर आकडा दिसायचा, श्वासाचा. मॅडम म्हणल्या, नव्वदच्या वर पाह्यजे. तो कधी नव्वद, कधी अठ्ठ्याऐंशी. मॅडम सिस्टरला काहीतरी इंग्रजीत बोलल्या. सिस्टर आली, गौरीला कुशीवर केलं, मग पालथं आपल्या मांडीवर घेतलं आन पाठीवर हाणायला सुरुवात केली. ढप ढप ढप. थांबायचंच नाव न्हाई. पाठीवर, बरगडीवर, काखेखाली. पोरगी हिसके द्यायची. आन ही त्या कफालाच बोलायची, दात खाऊन, "निघ. निघ. तुझ्या बापाचं घर न्हाई. निघ."

मला कुणी काही सांगितलं न्हाई. म्या बी इच्यारलं न्हाई. नरसव्वाच्या तान्ह्याचं डोळ्यानं पाह्यलं व्हतं, तरी मपल्या लेकरावर हात पडायला लागला तवा डोकं चाललं न्हाई. म्हणून माझी चूक जास्तीची. माझ्या मनात एकच, अंगावरचं पुरळ अजून गेलं न्हाई, आई अजून अंगात हाय, आन ही बाई आईला हाणून राहिली. आता आई लेकरू घेऊनच जाईल.

माझ्याजवळ बटणाचा फोन व्हता. दत्ता रोज सकाळी फोन करायचा. म्या त्याला सांगितलं, "लेकराला मारून राहिली रं ही बाई. दिसातून चार-चार बार. मांडीवर घेऊन पाठीत हाणती."

दत्ता हाताचा तापट न्हाई. बायकोवर हात उचलल्याला म्या कधी पाह्यलं न्हाई. गौरी त्याची पहिली. जीपच्या काचेवर तिचं नाव, तिच्या शाळंची फुलं-पानं चिकटवलेली. दुसऱ्या दिवशी तो नांदेडला आला. वार्डाच्या व्हरांड्यात बाहीरून काच व्हती, बाप लोक तिथंच उभे राहून लेकरू बघायचे. त्यानं काचंला मोबाईल लावला. आत सिस्टर गौरीला हाणत व्हती. काचंतून आवाज येत न्हाई. ती काय बोलून राहिली ते त्याला ऐकू आलं न्हाई, हात तेवढा दिसला. वर जायचा, खाली यायचा.

तो व्हिडिओ त्यानं गावच्या ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, कोरोनाच्या नावाखाली लेकरं मारतात. सांजच्याला तो व्हिडिओ लातुरात गेला, उदगिरात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन जीपा आल्या.

आधी आवाज आला, बब्बूभाईचा. "अरे सुनो, सुनो तो." मग फरशीचा तुकडा त्याच्या डोक्यात घातला. तो दारातच बसला, हातानं डोकं धरून, बोटातून रगत. काच फुटली. मग सगळे आत. खुर्ची फेकली, औषधाचा गाडा उलटा केला, बाटल्या फुटल्या. नरसव्वा तान्हं पोटाशी घेऊन खाटेखाली शिरली. मॅडमला कुणीतरी ढकललं, त्या कपाटावर आदळल्या. पायताणं घालून माणसं काचांवर नाचून राहिली.

सिस्टरच्या मांडीवर तवा गौरी पालथी व्हती. ती उठली न्हाई. तिचा हात चालूच. एकानं तिच्या डोक्याची टोपी मागून धरून ओढली. टोपी फाटली, मास्क फाटला, केस हाती आले. तिनं त्याचा हात चावला. तो बोंबलला आन तिच्या तोंडावर बुक्की मारली. म्या तवा तिचं तोंड पहिल्यांदा पाह्यलं. सावळी, गालाला मास्कचे वळ, व्हट फुटलेला. माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची.

मग दत्ता पुढं झाला. टॉमी वर उचलली. म्या वरडले, "दत्त्या!" त्यानं माझ्याकडं पाह्यलं, ओळखलं न्हाई. त्या पोशाखात आम्ही सगळ्या सारख्याच. सिस्टर गौरीवर वाकली, कोंबडी पिलावर वाकती तशी, उजवा हात वर धरला. टॉमी कोपरावर बसली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला.

ती किंचाळली न्हाई. म्हणली, "मला हाणा. नळीला पाय लावू नका. नळीला पाय लावू नका."

पर मास्कची हवेची नळी तवर सुटली व्हती. कुणाच्या पायात आली कुणाला ठाऊक. मशीन टीं टीं करायला लागली. आकडा खाली यायला लागला. शहाऐंशी. ब्याऐंशी. म्या आकडे वाचते. एकोणऐंशी. गौरीचे व्हट शाईसारखे झाले. दत्तानं ते पाह्यलं. त्याच्या हातातली टॉमी तशीच राह्यली, ना वर ना खाली. मागची माणसं एकेक करून मागं सरली. लेकरू मरायला लागलं की माणसं पळतात.

मॅडमनं नळी जोडली. हवा सुरू झाली, तरी आकडा वर येईना. मॅडम म्हणल्या, कफ अडकलाय. तेवढ्यात खाटेखालून नरसव्वा वरडली, तिचं तान्हं बी निळं पडलं, मॅडम तिकडं धावल्या. सिस्टर भिंतीला टेकून, उजवा हात लोंबतोय, डाव्या हातानं गौरीला धरलेलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं.

"आज्जे. इकडं ये. हाण."

म्या म्हणलं, "मी न्हाई हाणणार. तिच्या अंगात..."

"भाकर थापती ना?"

"थापती की. जन्मभर थापली."

"तसंच. पर भाकरीला हात सपाट. इथं वाटी कर हाताची. पाणी प्यायला करती तशी. आत हवा राहती, लेकराला लागत न्हाई. सपाट हात लागतो, वाटीचा हात लागत न्हाई. बघ." आन तिनं डाव्या हाताची वाटी करून माझ्या गालावर हाणलं. ढप झालं. खरंच लागलं न्हाई.

इतके दिस मी जे बघून राहिले व्हते, ते लागतच नव्हतं.

"हाण म्हातारे. आई असंल तर आईला बी मोकळं वाटंल."

म्या हाणलं. माझ्या नातीच्या पाठीवर, माझ्या हातानं. पहिला हात भीत भीत. ती वरडली, "भाकर कच्ची राहती अशानं! हाण!" मग मी लावला सूर, ज्वारीची भाकर परातीत थापते तसा. तोंडातून आपोआप निघालं, निघ, निघ, तुझ्या बापाचं घर न्हाई. किती येळ झाला ठाऊक न्हाई. गौरीच्या पोटातून एक हिसका आला आन फरशीवर बोटायेवढा घट्ट पिवळा बेडका पडला, रगताची रेघ असलेला. तो पडला दत्ताच्या पायापाशी. पोरीनं श्वास घेतला, दार करकरावं तसा आवाज झाला. आकडा चढला. एक्याऐंशी. सत्त्याऐंशी. एक्याण्णव.

सिस्टर म्हणली, "थांबू नको." आन तिथंच आडवी झाली.

दत्ता दारात उभा. तो फरशीवरच्या त्या बेडक्याकडं बघत राह्यला. मग त्यानं टॉमी हळूच खाली ठिवली, आवाज होऊ न देता, जसं काही लेकरू झोपलंय.

पोलीस आले. दुसऱ्या दिवशी जबाब घेतला. मला इच्यारलं, सिस्टर लेकराला मारत व्हती का? म्या सांगितलं, "न्हाई. छाती मोकळी करत व्हती. म्या चुकीचं समजले." ते लिहून घेतलं. मग इच्यारलं, सिस्टरला कुणी मारलं? म्या म्हणलं, "तोंडं बांधली व्हती."

पुढच्या खाटेवर सिस्टर बसली व्हती, हात गळ्यात बांधलेला. तिला इच्यारलं. दत्ताला ती पक्की वळखत व्हती, हाणामारीच्या आदल्या दिशी तो काचंला मोबाईल लावून उभा व्हता. त्याच्या तोंडाला रुमाल बी नव्हता. ती माझ्याकडं बघत म्हणली, "सगळ्यांची तोंडं बांधली व्हती. म्या कुणाला वळखलं न्हाई."

पोलीस गेल्यावर मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय मागं घेतला. "तुमच्यासाठी न्हाई सोडलं," ती म्हणली. "झिपरीला बाप लागतो. पर येक सांगते आज्जे. त्याला सांगा, टॉमी सपाट बसली."

तिच्यावर चौकशी बसली. व्हिडिओ तवर लई लांब गेला व्हता, त्याच्याखाली कुणीतरी तिचा फोटो आन मारकी सिस्टर हे नाव बी टाकलं व्हतं. मॅडमनं लिहून दिलं, म्या अंगठा न्हाई, सही करून दिली, तरी तिला लेकरांच्या वार्डातून काढलं. ती विष्णुपुरीला भाड्याच्या खोलीत राहायची. खोलीवाल्यानं बी खाली करायला लावली, असं बब्बूभाईनं सांगितलं. त्याच्या डोक्याला सात टाके. तो म्हणला, "अम्मा, जाते वक्त बी दरवाजा लात मारूनच उघडला तिनं." मग तो हसला न्हाई.

त्या उरलेल्या दिसांत गौरीला मीच हाणलं. दिसातून चार बार. नरसव्वाच्या तान्ह्याला बी. वार्डातली लेकरं मला बी मारकी म्हणायला लागली. दोन आठवड्यांनी गौरी भिंतीला धरून चालली आन आम्ही घरी आलो. नरसव्वाचं तान्हं आमच्या आधी चार दिस गेलं. ते घरी न्हाई गेलं.

दत्ता आता जीप चालवत न्हाई. लातुरात एका दाळमिलात पोती उचलतो. टॉमीबद्दल आमच्यात बोलणं झालं न्हाई. एकदाच तो म्हणला, "आई, तू फोनवर हाणती म्हणली व्हतीस." म्या म्हणलं, "हाव. म्हणले व्हते." येवढंच.

आवंदा उन्हाळ्यात मी डोळे तपासायला लातूरला गेले. परत येताना बसस्टँडावर उदगीरची गाडी लागली व्हती, दारात एक माणूस पोतं घालून बसलेला, कुणाला चढू देईना. गर्दीतून एक बाई वरडली, "निघ. निघ. तुझ्या बापाचं घर न्हाई."

माझे पायच थांबले. पाह्यलं तर तीच. साधी साडी, खांद्याला पिशवी, उजवा हात कोपरात वाकडा, पुरता सरळ होत नव्हता. तिनं ते पोतं लाथेनं बाजूला सारलं आन चढली. मला हसू आलं. मी पुढं झाले.

तेवढ्यात क्लासची पोरं, चार-पाच, पाठीवर दप्तरं. एकानं तिच्याकडं बघितलं आन म्हणला, "अय, ही बघ ती. मारकी सिस्टर! व्हिडिओतली!" दुसरा म्हणला, "मॅडम, कुणाला हाणायला चालल्या?" सगळे हसले. एकानं मोबाईल वर धरला.

मला वाटलं, आता ही उतरती आन त्याच्या कानाखाली वाजवती. मी वाट बघितली.

तिनं पदर तोंडावरून ओढून घेतला. मान खाली घातली. वाकडा हात पदराखाली लपवला आन खिडकीपासून सरकून आतल्या बाजूला बसली.

मी हाक मारली, "सुनंदा! ए सुनंदा!" तिनं वर पाह्यलं न्हाई. तिला वाटलं असंल, मी बी त्यांच्यातलीच. तशी मी हायेच. गाडी निघून गेली.

हे लिहून घेतलंय ते गौरीनं. आता ती बारा वर्साची हाय, अक्षर चांगलं हाय. वर जिथं दत्तानं टॉमी उचलली तिथं तिनं पेन थांबवला. मग म्हणली, "आज्जे, इथं बी पप्पाचं नाव लिहू का?"

म्या म्हणलं, "लिही."

तिनं लिहिलं.

आता वाचणाऱ्याला येवढंच सांगणं हाय. एका काचेच्या खोलीत पांढऱ्या पोशाखातली बाई मांडीवर लेकरू घेऊन हाणून राहिली, आवाज न्हाई, असा व्हिडिओ कुणाच्या मोबाईलात असंल तर तो काढून टाका. ज्याला पाठवला असंल त्याला बी काढायला सांगा.